हात लावील त्याचा लूम

रीमाचं लग्न झालं त्या सालची, म्हणजे दोन हजार तेवीसची ही गोष्ट. मे महिन्यात विहारात लग्न लागलं, मांडवाचे बांबू निघाले, पाहुणे आपापल्या वाटेनं गेले. पोरीला सासरी धाडल्यावर घर खायला उठलं, म्हणून धम्मपाल रजा शिल्लक असतानाच कामावर हजर झाला. पाहतो तर त्याच्या खुर्चीसमोरच्या पांढऱ्या फळ्यावर कुणीतरी ठळक अक्षरांत ‘आमची उद्दिष्टं’ असं लिहिलं होतं आणि खाली अख्खा फळा कोरा ठेवला होता.

“तुमचीच वाट बघत होतो, सर,” प्रितम म्हणाला. “टीमची उद्दिष्टं टीमनंच ठरवायची. वरून लादायची नाहीत.”

प्रितम नवा मॅनेजर. ठाण्याहून यायचा, वयानं धम्मपालच्या निम्मा असेल. माणूस वाईट नव्हता. कधी आवाज चढवत नसे, आणि चहा मागवला तर सगळ्यांसाठी मागवी. फक्त जे मोजता येत नाही ते त्याला दिसत नसे. काही माणसांना अंधारात दिसत नाही, तसं.

भिवंडीच्या बाहेर, शेलार गावाच्या अंगाला असलेलं ते गोडाऊन एवढं लांब होतं की एका टोकाला उभा राहिलेला माणूस दुसऱ्या टोकावरून ओळखू येत नसे. खाली बेल्टवरून खोकी धावत. कुठलं खोकं कुठल्या गाडीत जायचं ते सर्व्हर ठरवी. वर काचेची एक खोली होती. तिथं बसून सर्व्हर, नेटवर्क, स्कॅनर, वीज, सगळ्यांची नाडी पडद्यावर बघत राहायची आणि कुठं बिघाड दिसला की धावायचं, हे धम्मपालच्या टीमचं काम. दिवसपाळीला दोघं असत, धम्मपाल आणि विनिता.

प्रितमनं पेन उघडलं. आपलं ध्येय काय असावं, असं त्यानं विचारलं. बेल्ट बंद पडू नये, धम्मपाल म्हणाला. ते तर सगळ्यांनाच वाटतं, पण मोजायचं कसं, प्रितमनं विचारलं. धम्मपालनं जरा डोकं खाजवलं.

“अलार्म वाजला की पाच मिनिटांत माणूस तिथं पोचला पाहिजे.”

प्रितमला हे फार आवडलं. तो लिहायला वळला आणि मध्येच थांबला. “पोचला हे सिस्टीमला कसं कळणार, सर? ॲक झालं ते कळतं.” आणि त्यानं लिहिलं : ‘प्रत्येक अलार्म पाच मिनिटांत ॲक.’

धम्मपालनं वाचलं. वाक्य जवळजवळ त्याचंच होतं. त्यानं मान डोलावली.

ॲक म्हणजे ‘पाहिलं’ असं सांगायचं बटण. बिघाड झाला की पडद्यावर लाल ओळ उमटे आणि बारीक शिट्टी सुरू होई. बटण दाबलं की शिट्टी थांबे, ओळ पिवळी होई आणि तिच्यापुढं दाबणाऱ्याचं नाव येई. मग बिघाड निस्तरेपर्यंत ती ओळ मुकाट पडून राही. पुन्हा वाजत नसे.

धम्मपालचा बाप जन्मभर लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, उभा राहिला. कारखान्यात एकेका कारागिराकडं चार-सहा लूम असत. कुणी पाणी प्यायला, कुणी नमाजाला, कुणी विडी ओढायला जाई, आणि जाताना शेजाऱ्याला सांगून जाई, “भाई, मेरे लूम देखना.” त्यात एक नियम होता. कुणी लिहिला नव्हता, पण मराठी, भैया, मोमीन, तेलुगू सगळे पाळत. हात लावील त्याचा लूम. शेजाऱ्याचा बंद पडलेला लूम तुम्ही चालू केलात, की तो परत येईपर्यंत लूम तुमचा. मग कापडाला भोक पडलं तरी दोष तुमचा. म्हणून कुणी दुसऱ्याच्या लूमला उगाच हात लावत नसे, आणि लावला तर तिथून हलत नसे.

हाच नियम धम्मपालनं काचेच्या खोलीत आणला होता. विनिता नवी आली तेव्हा पहिल्याच दिवशी त्यानं तिला सांगितलं होतं, “आधी खाली जा, डोळ्यांनी बघ, मग येऊन दाब. दाबलंस की ते तुझं.” ती गणेशपुरीहून एसटीनं यायची. नवऱ्याची रिक्षा उलटून पाय मोडला तेव्हापासून घरात पगार तिचाच. नियम तिनं असा उचलला की देवाची शपथ घेतल्यासारखा पाळला.

आता बाळारामचं सांगितलं पाहिजे.

बाळाराम गोडाऊनमधला जुना माणूस. खरं म्हणजे गोडाऊनच त्याच्या मागून आलेलं. ज्या जमिनीवर ते उभं होतं तिचा एक तुकडा त्याचा होता. विकताना त्यानं अट घातली होती की मला इथंच कामाला ठेवा. कंपनीनं त्याला खाकी सदरा दिला आणि किल्ल्यांचा जुडगा दिला. काम म्हणाल तर दारं उघडायची आणि दारं लावायची. मागच्या कोपऱ्यात बॅटऱ्यांची खोली होती. वीज गेली तरी सर्व्हर चालू राहावेत म्हणून तिथं बॅटऱ्या रचून ठेवलेल्या, सर्व्हरची सगळी वीज त्यांच्यातूनच जाई, आणि त्या तापू नयेत म्हणून एसी कायम चालू. दुपारी बायकोनं, शेवंतानं, बांधून दिलेली तांदळाची भाकरी आणि सुकट खाऊन बाळाराम त्या खोलीत चटई टाकी. ती जागा म्हणजे त्याचं खळं होतं, असं तो सांगे. भात झोडून झालं की तिथंच लवंडायची सवय. जमीन गेली, सवय राहिली. जमीनवाला माणूस, त्याला कोण बोलणार?

पण बंद खोलीत त्याचा जीव घुसमटे. तो दार अर्धं उघडं ठेवी. बाहेरची धग आत शिरे, खोली तापे, आणि वर काचेच्या खोलीत शिट्टी वाजे. रोज दुपारी, जेवणानंतर. टीममध्ये त्याला नावच पडलं होतं, बाळारामचा अलार्म.

विनिता जिना उतरून, सगळं गोडाऊन ओलांडून तिथवर जाई.

“काका, दार.”

“आलीस? मना वाटला आज तरी इसरशील.”

“तुम्ही झोपता आणि पाय माझे मोडतात.”

“मोडू दे. तुझ्या सासूला सांगीन, पोर गुनाची हाय, पन झोपू देत न्हाय.”

मग ती दार लावून घेई, बाळाराम कूस बदले, आणि ती वर येऊन बटण दाबी. तोवर पाच मिनिटं केव्हाच उलटलेली असत.

जूनपासून भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आकडे लागले. टीमचा आकडा, आणि त्याखाली प्रत्येकाच्या नावासमोर त्याचा. शंभरातले पंच्याण्णव अलार्म पाच मिनिटांत झाले तर हिरवा, नाही तर लाल. रात्रपाळीची पोरं हुशार निघाली. शिट्टी वाजली की बसल्या जागी बटण दाबत, मग खाली जायचं की नाही ते सावकाश ठरवत. त्यांची नावं हिरवीगार. विनिताचं लाल. येणारा-जाणारा प्रत्येक जण ते पाही, खालचे हमालसुद्धा. एकानं विचारलं, “क्या मॅडम, फेल हो गई क्या?” ती हसली, पण त्या दिवशी डबा तसाच परत नेला.

ऑगस्टात प्रितमनं धम्मपालला बाजूला घेतलं. कंत्राटावरच्या माणसांचं डिसेंबरात नव्यानं ठरणार होतं, आणि वरचे लोक आकडा बघणार होते. विनितामॅडम मेहनती आहेत हे मला दिसतं, तो म्हणाला, पण मी तिकडं काय दाखवू?

धम्मपालनं विनिताला समजावलं. आधी दाब, मग जा. एवढंच तर करायचं.

“तुम्हीच शिकवलंत ना, सर? न बघता पाहिलं कसं म्हणू?”

“अगं, ते नुसतं बटण आहे.”

“मग आधी नव्हतं का नुसतं?”

तो पडद्याकडं वळला. तिलाच पुढं राहवलं नाही. म्हणाली, “हे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. आग तिकडं, आणि आपण इथं बसून विझली म्हणायचं.”

ती ऐकणार नाही हे त्याला कळलं. त्याला रीमा आठवली. तीही अशीच, एकदा सांगितलेलं धरून बसणारी. आणि त्यानं ठरवलं की हिची नोकरी जाऊ द्यायची नाही. मग विनिता खाली धावली की तो उठे, तिच्या पडद्यावर तिच्या नावानं बटण दाबी आणि आपल्या जागी येऊन बसे. पहिल्यांदा ती वर आली, पिवळी ओळ आणि तिच्यापुढं आपलं नाव बघून थबकली. त्याच्याकडं पाहिलं. तो पडद्यात डोकं घालून होता. दुसऱ्या दिवशी डब्यातून त्याच्यासाठी नाचणीचा लाडू आणला.

पुढं पुढं असं होऊ लागलं की ती जागेवर नसली तर तो तिच्या नावानं दाबी आणि स्वतः खाली जाऊन येई. शेजाऱ्याचे लूम बघण्यासारखंच ते. दोघांनाही त्यात वावगं वाटेना. सप्टेंबरात तिचं नाव हिरवं झालं.

तेवढ्यात फळ्यावर दुसरी ओळ आली : ‘पुन्हा पुन्हा येणारे अलार्म निम्म्यावर.’ पुन्हा पुन्हा येणारा अलार्म म्हटला की पहिला बाळारामचाच. धम्मपाल दुपारी त्याच्याकडं गेला आणि चटईच्या कडेला बसला.

“काका, झोपताना दार लावून घेत जा.”

“कोंदटतंय रे.”

“एसी आहे की. एवढं माझ्यासाठी करा.”

बाळाराम उठून बसला. मग म्हणाला, “लावतंय, धम्मपालशेट. तू सांगतंस म्हनून लावतंय. त्या पोराच्या फल्यासाठी न्हाय.”

दार जुनाट झालं होतं, कडी घातल्याशिवाय बसत नसे. तेव्हापासून बाळाराम आतून कडी घालून झोपू लागला. अलार्म कमी झाले. क्वचित कधी तो कडी विसरे, तेव्हाच वाजे. फळ्यावरची दुसरी ओळही हिरवी झाली, आणि प्रितमनं सगळ्यांना जिलबी वाटली. बाळारामलाही खाली पाठवून दिली.

ऑक्टोबरची उन्हं त्या वर्षी भारी होती. गोडाऊनचा पत्रा दुपारी तडतडायचा. नवरात्राचा तिसरा दिवस होता आणि त्या दिवशीचा रंग लाल. ऑफिसातल्या, पॅकिंगमधल्या झाडून साऱ्या बायका लाल नेसून आलेल्या. जेवणाच्या सुट्टीत गेटापाशी सगळ्यांचा फोटो निघणार होता. विनिताला उपास होता, तरी बायका तिला ओढून घेऊन गेल्या. “सर, माझं बघा हां,” ती जाता जाता म्हणाली.

पुण्याहून मोठे साहेब आले होते. प्रितम त्यांना मीटिंगच्या खोलीत आकडे दाखवत होता. त्यानं दारातून डोकं काढून धम्मपालला बोलावलं. साहेबांना टीमलीडरला भेटायचं होतं. धम्मपाल उठला, सदरा नीट केला, आणि तेवढ्यात शिट्टी वाजली.

लाल ओळ. बॅटऱ्यांची खोली, तापमान.

काका कडी विसरले, त्याच्या मनात आलं. विनिता आत्ता येईलच, ती बघेल. त्यानं वाकून तिच्या पडद्यावर बटण दाबलं. शिट्टी थांबली. ओळ पिवळी झाली, पुढं विनिताचं नाव आलं. आणि तो साहेबांना भेटायला गेला.

फोटो काढून विनिता वर आली. पिवळी ओळ तिनं बघितली, पुढं आपलं नाव बघितलं, आणि धम्मपालची रिकामी खुर्ची बघितली. सर खाली गेलेत, ती समजली. दुसरं काय समजायचं? हात लावील त्याचा लूम. ती आपल्या जागी बसून दुसऱ्या कामाला लागली.

मीटिंगच्या खोलीत साहेबांनी धम्मपालचा हात हातात घेतला. भिवंडीसारखा आकडा एकाही गोडाऊनचा नाही, ते म्हणाले. मग बसवून घेतलं आणि कसं साधलं ते विचारत राहिले. धम्मपाल सांगत राहिला. माणसाला आयुष्यात एखाद्या वेळीच कुणी असं विचारतं.

बॅटऱ्यांच्या खोलीतला एसी बंद पडला होता. बॅटऱ्या तापत गेल्या, फुगल्या, आणि त्यांच्यातून विषारी वाफ निघू लागली. पुष्कळ वेळ त्यांनी काम रेटलं आणि मग एकदम जीव सोडला. सर्व्हर बसले, बेल्ट थांबले, भिंतीवरचा मोठा पडदा काळा पडला. धम्मपाल मीटिंगमधून धावत बाहेर आला. जिन्याच्या तोंडाशी विनिता उभी.

“सर, तुम्ही खाली होतात ना?” तिनं विचारलं.

त्याच्या चेहऱ्यावरच तिला उत्तर मिळालं. ती पुढं आणि तो मागं, दोघंही गोडाऊनच्या त्या लांबीभर धावले.

दार आतून बंद होतं. वॉचमननी पहारीनं तोडलं. बाळाराम चटईवर नव्हता. दाराशी पडला होता, एक हात कडीकडं. डबा चटईपाशी नीट झाकून ठेवलेला. विनिता लाल साडीचा पदर तोंडावर धरून आत घुसली आणि त्याला बाहेर ओढू लागली. बाकीच्यांनी मग हात लावला.

चौकशी झाली. कागद असा निघाला की अलार्म मिनिटाच्या आत पाहिला गेला होता, टीमकडून कसूर नाही, आणि मयत इसम परवानगी नसलेल्या जागी झोपला होता. धम्मपाल प्रितमच्या टेबलापुढं उभा राहिला आणि म्हणाला की बटण विनितानं नाही, मी दाबलं. दाबलं आणि गेलो नाही.

प्रितमचे डोळे सुजलेले होते. बाळाराम त्यालाही काका होता. तो दारापर्यंत गेला, दार लावून आला आणि हळू आवाजात म्हणाला, “सर, हे कशाला लिहायचं? नाव कुणाचंही असू दे, वेळेत आहे ना?”

“पण गेलं कुणीच नव्हतं.”

“जायचं असं कुठं लिहिलंय?”

धम्मपालनं वळून फळ्याकडं पाहिलं. खरंच लिहिलं नव्हतं.

तरी त्यानं आपल्या हातानं कबुलीचा अर्ज लिहून वर पाठवला. त्याचं पुढं काय झालं ते कुणी त्याला सांगितलं नाही. बॅटऱ्यांच्या खोलीचा तो अलार्म मात्र पडद्यावर तसाच राहिला, पिवळा, पुढं विनिताचं नाव. तापमान मोजणारं यंत्र जळालं होतं, त्यामुळं बिघाड निस्तरला असं सिस्टीमला कळेना. ती ओळ बघत विनिता आठवडाभर कामावर आली. महिना संपायच्या आत ती ओळ काढा, असा प्रितमचा निरोप आला. धम्मपालनं काढली. दुसऱ्या दिवसापासून विनिता आली नाही. आकडा चांगला असल्यामुळं डिसेंबरात तिचं कंत्राट वाढवल्याचा निरोप तिला गेला. त्याला तिनं उत्तर दिलं नाही. एसटीच्या थांब्यावर एकदा ती त्याला दिसली. तिनंही त्याला पाहिलं. दोघंही आपापल्या जागी उभे राहिले.

दहाव्याला तो बाळारामच्या घरी गेला होता. शेवंताकाकी ओटीवर बसलेली. आजूबाजूच्या बायका उठून आत गेल्या. तिनं पदर सावरला. मग म्हणाली, “तो सांगायचा, धम्मपालच्या टीवीवर सगला गोडाऊन दिसतंय. उंदीर गेला तरी दिसतंय. मंग आमचा मानूस कसा न्हाय दिसला?”

“दिसला होता, काकी,” धम्मपाल म्हणाला. “पाहिलं म्हणून मीच बटण दाबलं. बघायला गेलो नाही. आणि दार लावून झोपा, हेही मीच सांगितलं होतं.”

तिनं त्याला हाकललं नाही की शिव्या दिल्या नाहीत. फक्त त्याच्यासाठी आणलेला पाण्याचा तांब्या तिच्या हाताशी होता, तो तिनं पुढं केला नाही. तिथंच राहिला. थोड्या वेळानं धम्मपाल उठला.

धम्मपालनं नोकरी सोडली नाही. सोडून जाणार कुठं, या वयात? पण अलार्म वाजला की तो उठतो, जिना उतरतो, जाऊन डोळ्यांनी बघतो आणि मग वर येऊन बटण दाबतो. भिंतीवरच्या पडद्यावर त्याचं नाव लाल आहे. टीमलीडरपद केव्हाच गेलं. नवीन आलेली पोरं आपसांत हसतात, हमाल विचारतात, “क्या चाचा, अभी भी फेल?” तो हसतो आणि किल्ली घेऊन खाली जातो. बॅटऱ्यांच्या खोलीत बॅटऱ्या, यंत्र सगळं नवं आलं, आणि तिला आता बाहेरून कुलूप असतं. काही वाजलेलं नसलं तरी दुपारी एकदा तो ते उघडतो, आत डोकावतो आणि दार अर्धं उघडं ठेवून जरा वेळ तिथं उभा राहतो. वर शिट्टी वाजते.

बाळाराम मंगळवारी, सतरा ऑक्टोबर दोन हजार तेवीस रोजी, दुपारी मेला.